आंधळ्या खिंडीत टपावरचा दिवा

ऐका. आंधळ्या खिंडीत दिवा न्यायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून हे ऐकतेय. खिंडीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड आहे, तिथं गाडी थांबवायची. सगळे दिवे मालवायचे. तोंडं मिटायची. पलीकडच्या शेंदरी दगडापर्यंत अंधारातच जायचं, कातळाला धरून. लहानपणी मी एकदा का म्हणून विचारलं होतं. खंडूतात्या म्हणाले, विचारणाऱ्याला खिंडीतली आधी धरते. हसू नका तात्या, तुम्हीच म्हणाला होतात.

आज बाळाची पाचवी. सटवाई येऊन नशीब लिहून जाईपर्यंत सगळ्यांनी जागायचं आहे, मग गोष्ट तर हवीच. दर खेपेला तात्या सांगतात. आज मी सांगते. तात्यांच्या गोष्टीत कुणीतरी वाटसरू अंधार पडल्यावर निघतो. माझ्या गोष्टीतले वाटसरू तुमच्यासमोर बसलेत. चहा हवा असेल तर आधी घ्या, मधे उठायचं नाही.

तर, जीपच्या टपावरच्या दिव्यापासून सुरुवात करते.

आपल्या जीपच्या हेडलाइटचा उजेड तुम्हाला माहीत आहे. काजवे बरे. रोहिणी वहिनीचे दिवस भरत आले होते. पहिलं माहेरी झालं, दुसरं इथंच व्हायचं होतं, आणि दवाखाना खिंडीपलीकडे. म्हणून मी तालुक्याहून एलईडीचा लांब दिवा आणला. हैबतीकाका म्हणाले, "वरात काढायचीय का कुणाची?" मी म्हटलं, तुमचीच काढते, बसा टपावर.

अंगणात गाडी लावली आणि कामाला लागले. टपाच्या कॅरियरला दोन पट्ट्या आवळल्या, त्यांवर दिवा बसवला. खाली रबर घातलं, नाहीतर घाटात नुसता खडखडाट. वायर काचेच्या कडेनं खाली आणून बॉनेटमध्ये घेतली. आता हे नीट ऐका, पुढं लागणार आहे. एवढा मोठा दिवा थेट स्विचवर चालवला तर स्विच जळतो. म्हणून मधे रिले बसवतात. जड ओझं रिले उचलतो, स्विचनं फक्त खूण करायची. आणि बॅटरीतून वायर निघते तिथंच फ्यूज. या दिव्याकडे जाणारी वीज त्या फ्यूजमधूनच जाते, दुसरी वाट नाही. फ्यूज काढला की दिवा म्हणजे टपावर ठेवलेला पत्रा.

पहिल्यांदा लावला तेव्हा दिवा लुकलुकायला लागला. लगेच चंद्राकाकूंनी लिंबू-मिरची आणली. तात्या तुम्ही पडवीतून ओरडलात, तिला आवडलेलं नाही म्हणून. चूक माझी होती. अर्थिंगची वायर मी रंगावरच आवळली होती, आणि रंगातून वीज जात नाही. रंग खरवडला, चकचकीत पत्रा काढला, पुन्हा आवळली. दिवा असा लागला की समोरच्या टेकडीवरची करवंदाची जाळी दिसली. कोंबड्या पहाट समजून बाहेर आल्या.

काकांनी मग एक अट घातली. स्विच त्यांच्या हाताशी हवा, आणि खिंडीत दिवा बंद. मी खूप भांडले. आई म्हणाली, दिवा लावू दिला ना, मग आता गप्प बस. बसले. लिंबू-मिरचीही दिव्याला लटकत राहिली.

वहिनीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला होता. दादा कामावर, शहरात. ॲम्ब्युलन्सवाल्यानं फोनवर सांगितलं, खिंडीच्या अलीकडे येत नाही. दिवेलागणीला आम्ही निघालो. काका चालवायला, मी त्यांच्या शेजारी, मागं वहिनीला आडवी घेऊन काकू. धुकं उतरलं होतं. काकांनी टपावरचा दिवा लावला आणि रस्ता उघडा पडला. वळणं, दगड, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळं. काका एकदा पुटपुटले, "बरा आहे." एवढ्यावर मी खूश होते.

शेंदरी दगडापाशी त्यांनी गाडी थांबवली. टपावरचा दिवा बंद. हेडलाइट बंद. मी म्हटलं, काका, वहिनीकडे बघा, आज तरी नको. ते म्हणाले, "तिच्याकडे बघूनच करतोय." वहिनीनं ओठ दाताखाली धरले होते. तिलाही लग्न होऊन आल्यापासून हेच शिकवलेलं, खिंडीत आवाज करायचा नाही. कळा येताहेत आणि बाई आवाज करत नाही. तो अंधार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकायला लागली. काका हात बाहेर काढून कातळ चाचपत होते.

टपावरचा दिवा एकदा लुकलुकला.

काका म्हणाले, तुझं ते अर्थिंग. मी म्हटलं, अर्थिंग पक्कं आहे. थोडं पुढं गेलो आणि दिवा लागला. पूर्ण लागला. काकांनी स्विच बघितला, स्विच बंद. त्यांनी तो चालू करून पुन्हा बंद केला. दिवा गेला. चार हात पुढं सरकलो, पुन्हा लागला. मला भीती नव्हती वाटली, खरंच सांगते. मला वाटलं रिले चिकटला. नवा रिले चिकटतो कधी कधी.

काकांनी गाडी थांबवली. म्हणाले, काढ ती वायर. वायर काढायची गरज नव्हती. मी उतरले, बॉनेट उचललं, फ्यूज खेचला. दिवा गेला. फ्यूज मुठीत धरून मी परत येऊन बसले. अंधार असा की मूठ दिसेना, पण फ्यूजच्या कडा तळव्याला टोचत होत्या.

मग समोरून बाईचा आवाज आला.

"दिवा दाखवा."

मोठ्यानं नाही. दमलेला आवाज. आपण शेजारणीकडे विरजण मागावं तसा. काकांनी ऐकला, मी ऐकला, वहिनीनंही ऐकला. नियम काय आहे? हाक आली की थांबायचं नाही, पळायचं. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी अंधारात उसळली.

आणि टपावरचा दिवा लागला. फ्यूज माझ्या मुठीत होता.

समोर रस्ता नव्हता. दुपारच्या पावसात दरीकडची अर्धी बाजू खचली होती आणि आमची गाडी नेमकी त्याच बाजूला उसळली होती. काकांनी ब्रेक दाबला तो सगळ्या अंगानं दाबला. पुढच्या चाकाखालचे दगड सुटले. ते खाली पडल्याचा आवाज किती वेळ आलाच नाही.

खचलेल्या कडेवर बाई उभी होती. नऊवारी लुगडं, काखेत गाठोडं, हातात विझलेला कंदील. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. काकांकडेही नाही. ती मागच्या सीटकडे बघत होती. मग ती तिथं नव्हती.

दिवा लागलेलाच राहिला. काकांनी गाडी हळूहळू मागं घेतली, कातळाला अंग घासत पलीकडे काढली. आता वहिनी ओरडत होती, आणि तिला कुणीही गप्प बस म्हटलं नाही. पलीकडच्या शेंदरी दगडापाशी पोचलो आणि टपावर काळोख झाला. मी फ्यूज बसवला, काकांनी स्विच दाबला, पुढं निघालो. पोरगी झाली ती दवाखान्याच्या पायऱ्या चढल्यावर लगेचच.

सकाळी मी सगळी वायर हातानं चाचपली. कुठं सोललेली नाही, कुठं चिकटलेली नाही. रिलेही बदलून बघितला. मला कारण सापडलेलं नाही. सापडलं असतं तर सांगितलं असतं, मला काय लाज.

दवाखान्याच्या बाकावर चंद्राकाकू मला हळूच म्हणाल्या, "माझा एक हात वरच्या कडीला होता आणि एक रोहिणीच्या डोक्याखाली. मग तिच्या पोटावरनं हात कोण फिरवत होतं गं?" नंतर वहिनीनं सांगितलं, कुणीतरी कानात म्हणत होतं, दम खा बाय, वाट दिसतीय आता.

काकूंनी त्या बाईला काचेतून बघितलं होतं. ओळखलंही होतं. येसू सुईण. हैबतीकाकांची नाळ तिनंच कापली. पलीकडच्या गावातून इथं बाळंतपण करायला येताना खिंडीतच वारली. काकू तेव्हा नव्या नवरी होऊन आल्या होत्या. इतकी वर्षं मी 'खिंडीतली' म्हणून जिला घाबरले, तिला नाव होतं. ती आपल्याच वाडीतल्या बाईला सोडवायला निघाली होती. हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुमची गोष्ट घेते तात्या. तुमच्या गोष्टीत वाऱ्याची रात्र असते. खिंडीतून हाक येते, दिवा दाखवा. वाडीतल्या प्रत्येक घरात ती ऐकू जाते. कुणीतरी म्हणतं, ही माणसाची हाक नव्हे. सगळे कड्या लावून घेतात, दिवे मालवतात. हाक येत राहते, मग थांबते. सकाळी दरीच्या तोंडाशी फुटका कंदील सापडतो. आणि तेव्हापासून नियम.

लहानपणी विचारलं ते चुकीचं विचारलं. आज नीट विचारते. त्या रात्री पहिली हाक आली, तेव्हा येसू मेलेली होती की जिवंत होती?

सांगा ना तात्या. तुम्ही तेव्हा या घरात होतात. दार कुठलं, कडी कुठली, तेही तुम्हीच सांगता.

काका, तुम्ही?

बरं. मग माझं ऐका. गोष्टीच्या शेवटी तात्या म्हणतात, त्या वाटेला जाऊ नका. मी म्हणते, जा. दवाखाना तिकडेच आहे. खचलेल्या जागी मी दगड मांडून चुना मारलाय, उजेडात लांबून दिसतो. जीप मी चालवेन आणि खिंडीत दिवा मालवणार नाही. टपावरचा नाही, हेडलाइट नाही. शेंदरी दगडापाशी थांबेन, ते फक्त येसूला हाक मारायला, की चल, बस गाडीत. काका, स्विच मी उद्या माझ्या बाजूला घेतेय.

पाळण्याजवळचा दिवा आज रात्रभर विझू द्यायचा नाही, असं तुम्हीच मला संध्याकाळी बजावलंत ना?

 मग मी त्यात तेल घालून येते.