वाकड्या कानाचा उंदीर

विषय : नातीस खरेदीपूर्वी विचार करावयास शिकविणेबाबत.
संदर्भ : सूनबाईंचा तोंडी आदेश.

आणि तो आदेश पाळला हेच माझं चुकलं, तुम्हाला सांगतो! आमची प्रणिता, वय वर्षं सहा, रोह्याच्या बाजारातून नेली की बोट फिरतंच, ‘हे हवं, ते हवं...’ सूनबाई वैशाली म्हणाली, ‘बाबा, तुम्ही रिकामेच आहात, तिला जरा विचार करायला शिकवा.’ रिकामाच! जन्मभर कचेरीत लोकांचे अर्ज थांबवून ठेवलेला माणूस मी, मला काय अवघड? नियम केला : काही मागितलंस की आठ दिवस थांबायचं. आधी विचार कर!

तर घरच्या गणपतीच्या मूर्तीसाठी पाट द्यायला प्रणिताला घेऊन पेणला गेलो, मूर्तिकार जगनच्या कारखान्यात. तिथे फळीवर शाडूचा एक उंदीर, रंग नाही, एक कान वाकडा. पोरगी त्याच्यासमोर बसली ती उठेचना. ‘आजोबा, हा हवा.’ मी काय म्हणालो असेन? ...बरोबर. आधी विचार कर!

आणि केला हो तिनं! रोज सकाळी माझ्या चहापाशी हजर. ‘आजोबा, विचार केला. घरात उंदीर आहेत, पण ते थांबत नाहीत.’ दुसऱ्या दिवशी, ‘त्याला कमी ऐकू येत असेल, मोठ्यानं बोलावं लागेल.’ आता याहून जास्त विचार आमच्या साहेबांनी तरी कधी केला होता का? तिथेच मंजूर करायचं की नाही? पण नाही! आठ दिवस म्हणजे आठ दिवस!

मुदत भरली, एसटीनं पेण गाठलं, तर फळी रिकामी. जगन म्हणतो, ‘काका, कान वाकडा, कोण घेनार? भिजवून परत मातीत मळला.’ प्रणितानं विचारलं, ‘मग आता तो कुठाय?’ ‘काय सांगू गो बाय, असंल कुठल्यातरी गणपतीच्या पोटात!’

रडली असती तर बरं झालं असतं... रडली नाही. एकेका गणपतीच्या पोटापाशी तोंड नेऊन मोठ्यानं हाका मारत गेली. मी जगनला म्हटलं, ‘अरे, दुसरा कर, तसाच!’ ‘काका, मुद्दाम वाकडा नाय जमत.’

तेव्हापासून ती काही मागतच नाही. फुगेवाल्यापुढून गप्प, जिलबीपुढून गप्प. वैशाली शेजारणींना सांगते, ‘बाबांनी काय वळण लावलंय!’ वळण! शेवटी भर बाजारात मीच हात जोडले, ‘बाई गं, काहीतरी माग, आत्ता घेऊ, विचारबिचार नको!’ तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, ‘विचार करून सांगते.’

त्याला पंधरवडा होत आला. विनंती प्रलंबित आहे.