ब्याऐंशीचा आकडा

सन्माननीय अध्यक्ष विश्वासराव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, कुवेत सोडून नाशिकला परत निघालेल्या आपल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर सुहासिनीताई, आणि दस्मानच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मुझफ्फर, मूळचा राजापूरचा. शुवैखला प्रेशर गेज तपासायच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं आहे. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच माझं काम. सवय अंगात इतकी मुरली आहे, की अध्यक्षांनी दिलेली पाच मिनिटंसुद्धा मी माझ्याच घड्याळावर मोजणार आहे.

सहा वर्षांपूर्वी आमची असमा जन्मली. हृदयाचा एकच कप्पा धड, त्यात आतडं बंद. हृदयाचं पुढे बघता आलं असतं. पोट मात्र तिसऱ्याच दिवशी उघडायचं होतं. अशा हृदयाच्या बाळाला भूल देणार कोण? तर ह्या डॉक्टरबाई.

ऑपरेशनच्या सकाळी मी काचेच्या पेटीजवळ उभा. मॉनिटरवर ऑक्सिजन चौऱ्याण्णव. मी खूश. एवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी ऑक्सिजन कमी केला. आकडा ब्याऐंशीवर उतरला, अलार्म वाजला. तर बाईंनी अलार्मचीच मर्यादा खाली आणली. तुम्हीच सांगा मंडळी, रिफायनरीत कुणी असं केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटातून आत घेतील?

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"मुझफ्फरभाई, हिच्या हृदयाला एवढाच आकडा हवा," त्या म्हणाल्या. "जास्त ऑक्सिजन दिला तर रक्त फुफ्फुसांकडेच धावेल, बाकीच्या अंगाला पुरणार नाही."

मी मान डोलावली. विश्वास मुळीच बसला नाही. बिघडलेलं गेज घेऊन येणारं गिऱ्हाईकही मला इतक्याच गोड आवाजात समजावतं.

आता जे सांगतो ते माझ्या बायकोला, ताहिरालाही ठाऊक नाही. असमा आत होती तेव्हा मी बाहेर बसून ह्यांच्याविरुद्ध तक्रार लिहिली. खाली नाव घातलं नाही. असमा सुखरूप बाहेर आली, तरी तो कागद हॉस्पिटलच्या तक्रारपेटीत टाकलाच. म्हटलं, पोरगी नशिबाने वाचली. चौकशी लागली. तीन आठवडे ह्यांना एकाही बाळाला भूल देऊ दिली नाही. त्या तीन आठवड्यांत तशी किती बाळं आली, त्यांच्याजवळ कोण उभं होतं, हे मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच लिहून दिलं, की ब्याऐंशीच बरोबर होतं.

चार महिन्यांनी पोटाचं दुसरं ऑपरेशन निघालं. तेव्हा सुहासिनीताईच हव्यात, असा हट्ट कुणी धरला? ह्या मुझफ्फरनेच. त्या आल्याही. संमतीचा फॉर्म मी त्यांच्यासमोर भरला आणि त्या माझ्या अक्षराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. तेव्हापासून मला संशय आहे, की तक्रारीचं अक्षर त्यांनी ओळखलं.

ताई, तुम्ही मान डोलावताय. म्हणजे ठाऊक होतं. आणि तरी माझ्या मुलीच्या उशाशी उभ्या राहिलात?

अध्यक्षांचे आभार, मंडळाचे आभार, ऐकून घेतलंत त्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मंडळी, तुम्ही ते पोटात घाला. ताई, तुम्ही मात्र घालू नका. सहा वर्षं घातलंत तेवढं पुरे. जायच्या आधी काय ते एकदा माझ्या तोंडावर बोला.