खालच्या भोकाचा हूक

हार्डवेअरच्या दुकानात ती लेकीच्या छोट्या सायकलची नवी घंटी हातात धरून रांगेत उभी होती. ती सायकल तिने सकाळीच ज्या काकांकडे दुरुस्तीला टाकली होती, ते तिच्या पुढेच पाठमोरे उभे होते.

"एक मोठा हूक दे रे."

"परत? काका, एवढीशी तुमची खोली. झोपता कुठे?"

"ऐसपैस झोपतो. पाचही सायकली भिंतीला उभ्या टांगल्यात, पुढचं चाक वर. एकीचं हँडल डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. खालून झाडू फिरतो."

"पण लोक न्यायला का येत नाहीत?"

"माणूसच उरलं नाही, तर येणार कोण?"

"पाचही जण?"

"पाचही. दुरुस्तीला टाकून गेले, ते गेलेच."

"मग हूक ठोकूच नका ना आणखी!"

"मी कुठे ठोकतो? सकाळी उठून बघावं, तर भिंतीला भोक पडलेलं असतं. मी आपला नुसता हूक बसवतो."

"बुजवून टाकायचं."

"एकदा बुजवलं होतं. सकाळी परत तिथेच पडलं. पाचवी सायकल तिथेच टांगलीय."

"आज कुठे पडलंय?"

"खाली. माझ्या कमरेएवढ्यावर."

"तिथे सायकल टेकेल की जमिनीला."

"लहान असली तर नाही टेकत."

तिच्या हातातली घंटी वाजली. काका वळले.

"ताई, तुम्ही? सायकल झालीय. आत्ताच्या आत्ता घरी न्या."

"काका, मग हूक राहू दे?"

"नाही. भोक अजून आहेच तिथे. हूक बांधून दे."