शिंप्याच्या पाटीवरची वेलांटी

सिनेमा पार्कातल्या आकाशपाळण्याची रांग एका बाजारपेठेतून जात होती. जुन्या सिनेमातला बाजार तिथं हुबेहूब उभा केला होता. माझ्यामागे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती.

“बाबा, शिंप्याची पाटी बघा! ‘कपडे शिवून मिळतिल.’ वेलांटी चुकलीय!”

“चष्मा दे माझा. अगं, ही तर माझी पाटी!”

“तुमची?”

“सिनेमासाठी मीच रंगवली होती. त्या वेलांटीपायी तर मला सेटवरून हाकललं. बदलायला वेळ नव्हता, म्हणून पाटी तशीच राहिली.”

“कधी बोलला नाहीत ते!”

“हाकललेलं कोण सांगतं, बाई?”

“पण यांनी चूकसुद्धा उतरवून घेतलीय!”

“आणि तो रंगाचा ओघळ बघ! माझी शिडी हलली होती तेव्हा. तोही आहे!”

“काका, पाटीला हात नका लावू,” रखवालदार ओरडला. “रोज कुणीतरी चूक दाखवतं. साहेब म्हणतात, सिनेमात आहे तश्शीच हवी.”

“तश्शीच हवी म्हणाले?”

“हो.”

“ऐकलंस का गं?”

रांग पुढे सरकली. “काका, चला,” मी म्हटलं.

“तुम्ही व्हा पुढे. आमचं अजून बघून व्हायचंय.”