सुनंदाच्या हनुवटीवरचं लासं

मी मूळचा राजापूरकडचा, पण कळायला लागल्यापासून कोपरलाच. दहावीनंतर कल्याणला एका स्टुडिओत लागलेलो, तिथे टचिंग शिकलो, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. आता स्वतःच्या दुकानात तेच कॉम्प्युटरवर करतो. माझा हात चांगला, हे उगाच नाही सांगत, कोणालाही विचारा.

माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो लागतो, तेव्हा लोक येतात, मोबाईलमधला कुठल्या तरी लग्नातला फोटो घेऊन, म्हणतात मागची माणसं उडवा, सुरकुत्या जरा कमी करा, आणि मी करून देतो. हल्ली पोरंपोरी सांगतात काका नॅचरल ठेवा, तर मी म्हणायचो नॅचरल पाहिजे तर आरशात बघा, इकडे कशाला आलात.

आमची ही, सुनंदा, तिच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत जन्मापासूनचं काळपट लासं होतं. लग्नाचा अल्बम मीच केलेला, त्यात ते ठेवलं नाही. बघून म्हणाली ही कोण बाई. मी म्हटलं अगं, फोटोत चांगलं दिसायला नको का. ती म्हणाली, तुम्हाला आवडत नसेल तर तसं सांगा. काय सांगू तुम्हाला, मला तसं काही वाटतच नव्हतं, हाताची सवय, दुसरं काय, पण तेव्हा ते बोललो नाही. मग काढतच गेलो, बारशाचे, वास्तुशांतीचे, सगळे, पुढे कॉम्प्युटर आला तर त्याच फाईलवर सेव्ह करायचो, ओरिजिनल कशाला ठेवायचं, जागा खातं. नंतर नंतर कोणी मोबाईल धरला की ती हनुवटीवर पदर घ्यायची.

गेल्या वर्षी ती गेली. अटॅक आला, घरातच.

मुलगी मेघना म्हणाली, बाबा, भिंतीवर आई पाहिजे, ही बाई नको, लासं असलेला फोटो द्या. सगळं धुंडाळलं. आधार कार्डावर नुसता काळा ठिपका आलेला, त्यात लासं कुठलं नि सावली कुठली. तर म्हणाली तुम्हीच काढलंत ना, तुम्हीच परत घाला.

बसलो. काळपट रंग घेतला, आणि हात थांबला. डाव्या बाजूने सुरू व्हायचं एवढं आठवलं, पण गळ्यावर उतरताना रुंद व्हायचं की निमुळतं, कड कशी होती, काही म्हणजे काही येईना. एकतीस वर्षं रोज समोर जेवायला बसायची हो ती. मेघना मागे उभी, म्हणाली बाबा, असं नव्हतं. दुसरं केलं, तेही नव्हतं. मग म्हणाली राहू दे, आणि जेवणाची पानं घ्यायला गेली. मला रडूही आलं नाही, अजून आलेलं नाही.

तेराव्याला तोच गुळगुळीत फोटो लावला. आलेगेले म्हणतात वहिनी किती छान दिसतात, मी हो म्हणतो.

दुकान चालू आहे. लोक म्हणतात डाग काढा, मी काढतो. फक्त आता ओरिजिनल वेगळं ठेवतो, नाव घालून. अजून कोणी मागायला आलेलं नाही. न येवो कोणावर ती वेळ.