पाण्याकडची वळ

आधी हलिमाचाचीचं नाव लिवून घ्या, मग बाकीचं सांगते. निमोण्याच्या त्या चाचीनं हात दिला नसता तर मी आज तुमच्यापुढं बसलेच नसते.

माझं माहेर नांदेडकडं, लई लांब. सहावीत शाळा सुटली, लगीन झालं, आन् नवऱ्यासंगं चाचीच्या रानात कामाला आले, तिथंच पत्र्याच्या खोलीत ऱ्हायलो. पहिलं बाळंतपण बी तिथंच. आईला काय येता आलं न्हाई. काय सांगू तुम्हाला, भिंतीकडं तोंड करून नुसती रडायची मी, तर चाची लाडू घिऊन आली, म्हणाली, खा गं, तालीमखाना घातलाय, कंबर धरंल.

तो तालीमखाना तिच्याच तळ्याच्या काठाला यायचा. निळं-जांभळं फूल, पेरापेराला काटं, म्हणून शेरडू तोंड लावत न्हाई. पावसात पाय पाण्यात, पाणी मागं सरलं की वल्या चिखलात, पण उभाच. पौषात वाळला की आम्ही विळ्यानं कापायचो, पालावर झोडायचो, घरापुरतं ठिवून बाकीचं बी बाजारात इकायचो. चाचीनं एकदा चिमूटभर बी माझ्या जिभेवर ठिवलं, तर टाळूला असं चिकटलं की मला बोलताच यीना. चाची पोट धरून हसली. म्हणाली, वलं झालं की असंच चिखलाला धरून बसतंय, लोंढ्याला दाद देत न्हाई. पण पाण्याकडच्या वळीला, त्या कडंच्या रांगेला, इळा लावायचा न्हाई बरं, ती फुडल्या सालाच्या बियाला.

मग नवऱ्याला सणसवाडीला कंपनीत काम लागलं, तिथं खोली केली. दर पौषाला बी झोडायला मी यष्टीनं निमोण्याला जायची. शेजारच्या खोलीत शांता, माझ्याच गावची. परमुलखात गावची म्हंजी बहीणच की ओ, माझ्या ताटात जेवायची. एका साली तिला संगं नेलं, तळं दाखवलं, झोडायचं शिकवलं. चूक माझीच.

फुडल्या पौषात पोराला गोवर आला, मी आठ दिस उशिरा गेले. बघते तर काठ उघडा. मुळासकट उपटलेलं, पाण्याकडची वळ बी. चाची वट्यावर बसलेली. म्या इचारलं, चाची, कुणी नेलं? तिनं वर बघितलं न्हाई. म्हणाली, तुझी बहीण आली हुती टेंपो घिऊन, ताईनं धाडलंय म्हणाली. तुझं नाव घेतलं म्हणून कुंपणाची काटी मीच बाजूला केली गं.

शांताला इचारलं तर म्हणती, रानगवताला कुठं मालक असतो, ताई? आन् तुझं नाव घेतलं, त्यात तुझं काय झिजलं?

दोन सालं काठाला फूल न्हाई. म्हशींच्या खुराला चिकटून गेलेलं एखादं बी चारीच्या कडंला उगवतंय, तेवढंच. चाची अजून च्या देती, पण लाडवाचं नाव काढत न्हाई. मी शांताला धाडलं न्हाई, हे माझं बोलणं तिला पटलंय का न्हाई, हीच धास्ती.

तिनंच दिलेलं मूठभर बी माझ्या डब्यात ऱ्हायलंय. परवा चिमूटभर वल्या फडक्यात बांधलं, रोज सोडून बघायची, चौथ्या दिशी दोन कोंब आले. आता पाऊस लागायच्या आधी जाणार, चाची बोट दावंल तिथंच लावणार. देवानं तिला तेवढं आयुष्य द्यावं. पाण्याकडची वळ भरल्याबिगर मी लाडू तोंडात घालायची न्हाई, आन् भरली की पहिला लाडू मी वळून तिला नेणार.