सोनीचं माप अन् बाबाचा गज

मी वलगावची. बाबा माहे टेलर होते, बसस्टँडजोळ दुकान, अन् मी तिसरीत होती तवापासून शाळेतून आली का काजं-बटनं कराले बसो. काय सांगू तुमाले, मापाच्या बाबतीत बुढा लय कडक. टेप वढू नोको म्हने, मानूस अंग चोरते, पोट आत घेते, त्याले बोलतं कर, श्वास सोडला का मंग आकडा वाच. ते शिकवन मी पुढं हत्तीवर चालवीन, हे ना त्याईले मालूम ना मले.

लग्न करून धारणीच्याही पुढं जंगलात आली. आमचे हे हत्तीच्या सरकारी कॅम्पवर चारा कापाले होते, झाडावरून पडले अन् कंबर गेली, मंग त्याईच्या जागी मी लागली. रंभा नावाची हत्तीन होती, पहिल्या दिवशी मी तिच्यापासून दहा हात दूरच उभी राह्यली. आता तिच्या पोटाखालून जातो तं काईच वाटत नाई.

रंभाले पोट्टी झाली, तिचं नाव सोनी. जनावरांच्या डॉक्टर मॅडम अमरावतीहून येत, त्याईनं सांगतलं का हिचं दर महिन्याले माप लिहाचं, खांद्यापर्यंत उंची, छातीचा घेर अन् पुढच्या पायाचा घेर. पायाचा घेर दुप्पट केला का खांद्याची उंची जवळजवळ तेवढीच निघते, हत्तीचं असंच असते. सुकलालभाऊ आमचे माहुत, ते सोनीले उभं करत, मी टेप पोटाखालून घेवो. हत्ती अंग चोरत नाई बरं, मानसापेक्षा सरळ. पन सोनीले गुदगुल्या होत, टेप लागला का ढुंगन हलवे.

एका वर्षी पोळ्यानंतर कापडी टेप नवा आला. अन् वर्षभरात सोनीची वाढच थांबली. उंची वाढली तं अर्धंच बोट, छातीचा घेर तं उलटा कमी होऊन राह्यला. मॅडमनं रक्त तपासलं, लीद तपासली, काई सापडे ना. मंग वरून ठरलं का हिले मायपासून तोडा अन् दूर दुसऱ्या कॅम्पात इलाजाले न्या. आठ दिवसांनी ट्रक येनार होता. रंभाले कोन समजावनार वो? मी दोन दिवस जेवली नाई.

तेवढ्यात पुढचा पोळा आला. लोक बैल सजवतात, आमी हत्ती सजवतो. आंग धुतो, कपाळ रंगवतो, पुरनाची पोळी देतो, अन् आमच्या ह्याईची एक रीत हाये, पोळ्याच्या दिवशी पोट्टीले सागाच्या खांबाले उभं कराचं अन् खांद्यापाशी कोयत्यानं खाच पाडाची. ह्याईनं काठी टेकत येऊन खाच पाडली, मी पाह्यलं तं गेल्या खाचेच्या वर चार बोटं. म्या पुन्हा मोजलं. चारच.

खांब काई खोटं बोलत नाई. रातभर डोळ्याले डोळा नाई, सकाळी पयली गाडी धरून वलगावले गेली, दुकानात भाऊ बसते आता, त्याले म्हनलं बाबाचा कापड मोजाचा लोखंडी गज दे. हत्तीचा झब्बा शिवतं काय म्हने. मी कॅम्पातून आनलेला टेप गजावर ठेवला. गज छत्तीस इंचाचा, अन् टेप दाखवे साडेचौतीस. टेप लांबला होता बाप्पा, म्हनून आकडा कमी येऊन राह्यला होता.

अन् काहून लांबला? माह्यामुळं. माप झालं का टेप चिखलानं भरे, मी तो गरम पान्यात धुवो, सुरकुत्या पडू नये म्हनून खाली दगड बांधून वाळू घालो. टेलरची पोरगी, अन् एवढी अक्कल नाई. बाबानं सांगतलं होतं वढू नोको, अन् मी वर्षभर दगड लावून वढला.

सुकलालभाऊ म्हने, दगडाचं सांगू नोको वहिनी, टेपच खराब आला म्हन, तुही नोकरी जाईन. मी त्या राती इचार केला. अर्धं सांगतलं तं म्हनतीन एखाद्या महिन्यात खराब झाला असन, बाकी आकडे खरे, पोट्टीले न्याच. सगळं सांगतलं तरच सोनी वाचते.

दुसऱ्याच दिवशी ट्रक आला, मी रंभाच्या पुढं उभी राह्यली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला. मॅडम खाली उतरल्या, मी गज अन् टेप त्याईच्या हातात देल्ला अन् म्हनलं, मॅडम, पोट्टी बिमार नाई. चुकी माही हाये. टेप म्या दगडानं वढला.

 मॅडमनं गाडीतून पत्र्याचा टेप आनला अन् स्वतः मोजलं, एकदा नाई, तीनदा. खांबावरची खाचही मोजली. मंग ड्रायव्हरले म्हनल्या, गाडी रिकामी ने. मंग मले जे बोलल्या ते इथं लिहू नोका. रजिस्टरमधे वर्षाचे आकडे खोडले, खाली मी माह्या हातानं लिहिलं का चूक माही, अन् सही केली. तीन महिने मले टेपले हात लावू देल्ला नाई. बरोबरच केलं, मीही तसंच केलं असतं.

आता पुन्हा मीच माप घेतो, पत्र्याच्या टेपनं, अन् पयले टेप गजावर ठेवून पाहतो मंगच पोट्टीले लावतो. गज कॅम्पातच हाये, भाऊ मांगते, मी देत नाई. सोनी तवा माह्या कपाळाएवढी होती, आता खाच पाहाची तं मले स्टूल लागते, अन् माहे गुडघे आता स्टूलावर चढू देत नाईत. मी खालूनच सांगतो, वाढ माय, माहा हात पुरनार नाई तिथलोक वाढ.